शिट्टी वाजली, बोट कुणाकडे?

मुलगी खेळायला लागली की खेळाचे शब्दही तिच्याबरोबर घरात येतात. खो, बाद, फाउल, टाइम-आउट... पोळ्या लाटता लाटता आपणही विचारतो, "मग आज कोण जिंकलं गं?" बहुतेक वेळा उत्तर सरळ येतं. पण कधीतरी मुलगी दप्तर टाकते, न जेवताच आतल्या खोलीत जाते आणि बऱ्याच वेळाने एवढंच म्हणते, "सगळ्यांसमोर सरांनी माझ्याकडं बोट दाखवलं."

हरल्याचं दुःख दोन दिवसांत विसरतं. चारचौघांत बोट दाखवलं गेल्याचं मात्र मनात राहतं. आपल्या भाषेतच बघा ना! 'बोट दाखवणं' म्हणजे नुसती दिशा दाखवणं नाही. दोष देणं, नाव ठेवणं. 'कुणाला बोट दाखवायला जागा ठेवू नकोस' हे ऐकतच आपण लहानाच्या मोठ्या झालो. भावांना ते कमी ऐकावं लागलं, आपल्याला जास्त! अशा घरातली पंधरा वर्षांची मुलगी मैदानात उतरते, शिट्टी वाजते आणि तेच बोट तिच्यासमोर येतं. 'पुढच्या वेळी मी नाही जाणार' असं ती म्हणते, आणि घरातलं कुणीतरी लगेच होकार भरतं, "नको जाऊ. शेवटी अभ्यासच कामाला येणार आहे." एका बोटापायी एक खेळाडू घरी बसते.

मग पंचांनी फाउल करणाऱ्या खेळाडूकडे बोट दाखवावं की नाही? दाखवावं तर कधी? बास्केटबॉलच्या पंचांपुढे हा प्रश्न नेहमीचाच आहे. तुम्ही म्हणाल, त्याचं आपल्याला काय? पण मैत्रिणींनो, चूक झाल्यावर ती कुणाची, कशी आणि कुणासमोर सांगायची, हा प्रश्न आपल्या घरातही रोजच उभा असतो. म्हणून मैदानावरचं उत्तर एकदा समजून घेऊ या.

आपल्या खो-खोत काय होतं?

धाराशिव म्हटलं की आधी खो-खो आठवतो, आणि खो-खो म्हटलं की सारिका काळे. 2016 साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताच्या महिला संघानं सुवर्णपदक मिळवलं, तेव्हा कर्णधार होती आपली सारिका. 2020 मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. त्या वेळी ती तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी म्हणून काम करत होती. लहानपणी घरच्या गरिबीमुळे दिवसातून एकदाच जेवण मिळायचं, हे तिनंच त्या वेळी सांगितलं होतं. प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांच्या हाताखाली ती घडली. पुढे जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. प्रियंका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला 78–40 असं हरवलं. त्या संघातही धाराशिवची अश्विनी शिंदे होती.

आता खो-खोतला फाउल आठवा. धावणारीनं मधली पट्टी ओलांडली, एकदा घेतलेली दिशा मध्येच बदलली, खो नीट दिला नाही, किंवा बसलेली मुलगी खो मिळण्याआधीच उठली, की पंचांची शिट्टी वाजते. धावणारीला आपली चूक सुधारावी लागते. फाउल करून कुणाला बाद केलं असेल तर ती मुलगी बाद धरली जात नाही. झालं, खेळ पुढे सुरू!

इथे पंचांना बोट दाखवायची फारशी गरजच पडत नाही. आठजणी बसलेल्या असतात आणि धावणारी एकच असते. चूक कुणी केली, हे कडेला बसलेल्या आजीलासुद्धा दिसतं. दुसरं म्हणजे, तो फाउल त्या मुलीच्या नावावर दिवसभर चिकटून राहत नाही. 'हिचे तीन झाले, हिचे चार झाले' असा हिशेब खो-खोत नसतो. चूक झाली, सुधारली, संपली.

बास्केटबॉलचा हिशेब वेगळा

बास्केटबॉल आपल्या जिल्ह्यात खो-खोइतका रुजलेला नाही. पण शालेय स्पर्धांमध्ये तो असतो, आणि तालुक्याच्या गावातल्या मुली शिकायला लातूर, सोलापूर, पुण्याला गेल्या की कॉलेजच्या मैदानावर तो भेटतोच. पुण्याची शिरीन लिमये तर भारतीय महिला संघाची कर्णधार झाली. म्हणून त्याचे नियम आपल्यालाही माहीत असलेले बरे.

इथे 28 मीटर लांब आणि 15 मीटर रुंद मैदानात दोन्ही संघांच्या मिळून दहाजणी एकाच वेळी पळत असतात. बास्केटखाली तर अशी गर्दी होते की एसटीत चढताना होते तशी! कुणाचा हात कुणाला लागला, हे शेजारच्या मुलीलाही कळत नाही. आणि फाउल मात्र एकेकीच्या नावावर लिहिला जातो. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार पाच फाउल झाले की ती मुलगी बाहेर. त्या सामन्यात तिला पुन्हा उतरता येत नाही. शिवाय दहा मिनिटांच्या एका पाळीत संघाचे चार फाउल झाले, की पुढच्या बहुतेक फाउलना समोरच्या संघाला दोन फ्री थ्रो मिळतात.

म्हणजे 'फाउल झाला' एवढं सांगून भागत नाही. 'कुणाचा?' हे नेमकं सांगावंच लागतं. एकीचा फाउल दुसरीच्या नावावर गेला, तर जिनं काही केलंच नाही तिला शेवटच्या पाच मिनिटांत बाकावर बसावं लागेल. यापेक्षा मोठा अन्याय कोणता?

हा हिशेब खेळाच्या जन्मापासूनचा आहे. डिसेंबर 1891 मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने बास्केटबॉल शोधून काढला आणि तेरा नियम लिहिले. त्यातच त्याने सांगून टाकलं होतं, की एक पंच चेंडूकडे बघेल आणि दुसरा पंच खेळाडूंकडे बघून त्यांचे फाउल टिपेल. दुसरा फाउल केला की पुढचा गोल होईपर्यंत त्या खेळाडूने बाहेर बसायचं. त्यानंतर थोड्याच दिवसांत सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने स्मिथ कॉलेजच्या मुलींना हा खेळ शिकवला. 1893 मध्ये तिथे मुलींचा सामना झाला, तेव्हा पुरुष प्रेक्षकांना आत यायला बंदी होती. मुली पळताना, धडपडताना, चुकताना लोक बघतील ही काळजी फक्त आपल्याकडचीच नाही, बरं का!

मूठ आधी, नंबर नंतर

आता पंच नेमकं काय करतात ते बघू या. फाउल दिसला की ते शिट्टी वाजवतात आणि एक हात सरळ वर करून मूठ मिटतात. त्याचा अर्थ, 'फाउल झाला आहे, घड्याळ थांबवा.' ती मूठ आकाशाकडे असते, कुणाच्या तोंडाकडे नसते. क्रिकेटमध्येही तसंच. बाद दिलं की पंचांचं बोट डोक्याच्या वर जातं, फलंदाजाच्या नाकासमोर येत नाही.

मग पंच गुणलेखकांच्या टेबलाकडे वळतात. तिथे हातांनी तीन गोष्टी सांगतात: फाउल करणारीचा नंबर, फाउलचा प्रकार (ढकललं, धरलं, हातावर मारलं) आणि आता पुढे काय, म्हणजे फ्री थ्रो की बाहेरून चेंडू. नंबर सोळा असेल तर आधी हाताची मागची बाजू दाखवून एक आणि मग तळवे पुढे करून सहा. गुणलेखक तो फाउल त्या नंबरापुढे लिहितात आणि तिचा कितवा फाउल झाला, त्या आकड्याची पाटी वर धरतात. पाचवा असेल तर लगेच पंचांना कळवतात.

पूर्वी आंतरराष्ट्रीय सामन्यांत खेळाडूंच्या पाठीवर 4 ते 15 एवढेच नंबर असायचे. एक, दोन, तीन ही बोटं गुण आणि फ्री थ्रो दाखवायला लागतात, त्यात गोंधळ नको म्हणून. 2014 पासून शून्यापासून 99 पर्यंतचे नंबर चालायला लागले.

आणि बोटाचं काय? पूर्वीच्या आंतरराष्ट्रीय संकेतांत एका हाताची मूठ वर आणि दुसऱ्या हाताचा तळवा जमिनीकडे करून, तो हात फाउल करणारीच्या कमरेच्या दिशेने धरायचा, असं चित्र असायचं. नीट वाचा हं. बोट नव्हे, तळवा. चेहऱ्याकडे नव्हे, कमरेकडे. पुढे आंतरराष्ट्रीय संकेतांमधून तो दुसरा हातही गेला. आता फक्त मूठ आहे. अमेरिकेतल्या शालेय सामन्यांत मात्र तो हात 'पाहिजे तर वापरा' म्हणून राहिला. तिकडे त्याला 'बर्ड डॉग' म्हणतात. शिकारीचा कुत्रा सावज दिसलं की त्या दिशेने ताठ उभा राहतो ना, त्यावरून आलेलं नाव! खेळणारी मुलगी काही सावज नव्हे, हे नाव ऐकूनच हात जपून वापरायला हवा हे कळतं.

न सांगणंही चुकीचंच

पण म्हणून कुणाचं नावच घ्यायचं नाही, असं म्हटलं तर? तेही बरोबर नाही. याचं उत्तम उदाहरण फुटबॉलमध्ये आहे. 1966 च्या विश्वचषकात इंग्लंड आणि अर्जेंटिना यांच्या सामन्यात जर्मन पंचांनी अर्जेंटिनाचा कर्णधार रॅटिन याला बाहेर काढलं. पंचांना स्पॅनिश येत नव्हतं, रॅटिनला जर्मन येत नव्हतं. तो बराच वेळ मैदान सोडेना. त्याच सामन्यात इंग्लंडच्या चार्लटन बंधूंना ताकीद मिळाली होती, आणि ती त्यांना दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र वाचून कळली! या गोंधळावर विचार करताना केन अ‍ॅस्टन या पंचांना सिग्नलचे दिवे सुचले: पिवळा म्हणजे सांभाळ, लाल म्हणजे थांब. 1970 च्या विश्वचषकापासून पिवळी आणि लाल कार्डं आली.

यातून काय शिकायचं? आपली चूक आपल्याला वर्तमानपत्रातून, शेजारणीकडून किंवा तिसऱ्याच्या तोंडून कळणं, हा बोट दाखवण्याइतकाच मोठा अपमान आहे. ज्याची चूक त्याला, तिथल्या तिथे, समजेल असं सांगायला हवं.

मग हात कधी दाखवावा?

नियम आणि मैदानावरचा अनुभव दोन्ही बघितले, तर उत्तर तसं सोपं आहे.

* फाउल कुणाचा हे सगळ्यांना स्पष्ट दिसलं असेल तर हात दाखवायची गरज नाही. मूठ वर करावी, नंबर सांगावा, पुढे जावं.
* दोघी-तिघी एकत्र असतील आणि 'माझा की तिचा?' असं मुली एकमेकींकडे बघू लागल्या असतील, तर पंचांनी लगेच उघड्या तळव्याने दाखवावं आणि तोंडाने रंग आणि नंबर सांगावा: "निळा, सात." एकदाच सांगावं आणि हात खाली घ्यावा.
* शिट्टीनंतर मुली पळत लांब जाणार असतील, तर नंबर विसरायच्या आत दाखवलेला बरा. दुसऱ्या पंचांनाही ते कळतं.
* स्वतःलाच नक्की माहीत नसेल तर घाईने हात उचलू नये. आधी नंबर बघावा, दुसऱ्या पंचांना विचारावं. एकीकडे दाखवून मग दुसरीकडे वळवलेल्या हातावर कुणाचाच विश्वास बसत नाही.
* मुलगी चिडलेली असेल, रडवेली झाली असेल किंवा तिचा पाचवा फाउल असेल, तर हात मुळीच रोखू नये. शांतपणे सांगावं. बाहेर जाणं हीच पुरेशी शिक्षा आहे.

थोडक्यात काय, हात दाखवायचा तो शंका दूर करायला. राग काढायला नाही. नंबर चुकीचा ठरू शकतो, पण नंबरामागची मुलगी वाईट ठरत नाही.

आईबाबांनी काय करावं?

आपल्या मुलीच्या सामन्याला गेलात, तर काही गोष्टी लक्षात ठेवा. पहिली म्हणजे, पंचांना बाहेरून ओरडून काही बदलत नाही. उलट मुलीला जास्त शरम वाटते. शंका असेल तर विचारायची पद्धत ठरलेली आहे. खेळ थांबलेला असताना संघाच्या कर्णधारानं जाऊन नम्रपणे विचारायचं, "सर, फाउल कुणाचा?" हा तिचा हक्क आहे, आगाऊपणा नव्हे. 'मोठ्यांना उलट विचारू नये' असं शिकवून आपण मुलींचा हा हक्क घरीच काढून घेतो. विचारण्यात आणि उलट बोलण्यात फरक आहे, तो त्यांना शिकवा.

दुसरी गोष्ट, फाउल चुकून भलत्याच नंबरापुढे लिहिला गेला असेल तर तो सामन्यानंतर मुख्य पंचांची सही होईपर्यंत दुरुस्त होऊ शकतो. पण त्यासाठी आपल्या संघातल्या कुणीतरी स्वतःचा हिशेब ठेवायला हवा. राखीव बाकावर बसलेल्या मुलीच्या हातात वही-पेन द्या. तिलाही काम मिळेल आणि तीही खेळ शिकेल.

आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. घरी आल्यावर 'तुझ्यामुळे हरलो का?' असं कधीच विचारू नका. बास्केटबॉलमध्ये चार फाउल झालेली मुलगीही खेळत असते. किंबहुना समोरच्याला अडवायला जी पुढे होते, तिचेच फाउल जास्त होतात. कडेला उभी राहणारीचा एकही होत नाही! फाउल म्हणजे पाप नव्हे. तो खेळाचा हिशेब आहे.

हाच नियम घरातही लावून बघा. दूध उतू गेलं, नळ चालू राहिला, दुकानात सुटे पैसे राहिले, की आधी हात कुणाकडे जातो? सुनेकडे किंवा धाकट्या मुलीकडे. खरं तर आधी गॅस बंद करायचा असतो, म्हणजे घड्याळ थांबवायचं असतं. मग काय झालं ते बघायचं. मग ज्याचं चुकलं त्याला, त्या एका चुकीबद्दल, एकदाच सांगायचं. 'तू नेहमीच अशी' हे वाक्य कोणत्याही खेळाच्या नियमात बसत नाही. एक बोट दुसऱ्याकडे केलं की तीन आपल्याकडे वळतात, हे आपल्या आज्या उगीच सांगत नव्हत्या.

शिट्टी आपल्या हातात आली तर?

एक गोष्ट राहिलीच. मैदानात मुली खेळतात, पण शिट्टी अजूनही बहुतेक वेळा सरांच्याच गळ्यात असते. ती आपल्या गळ्यातही येऊ शकते. 1997 मध्ये व्हायोलेट पामर आणि डी कँटनर या दोघी अमेरिकेतल्या पुरुषांच्या सर्वांत मोठ्या बास्केटबॉल लीगमध्ये पंच झाल्या. आपल्या महाराष्ट्रातली वृंदा राठी जानेवारी 2023 मध्ये पुरुषांच्या रणजी सामन्यांत पंच म्हणून उभी राहिली. जननी नारायणन आणि गायत्री वेणुगोपालन या दोघीही त्याच वेळी उतरल्या.

खेळ सोडलेल्या, लग्नानंतर गावात राहिलेल्या, शाळेत शिकवणाऱ्या कितीतरी जणी आपल्याकडे आहेत. खेळांच्या संघटना पंचांसाठी परीक्षा आणि शिबिरं घेतात. आपल्या शाळेतल्या क्रीडाशिक्षकांकडे किंवा जिल्हा क्रीडा संकुलात जाऊन चौकशी करायला काय हरकत आहे? भूम, परंडा, उमरगा, कळंब कुठेही तालुकास्तरावरचा सामना असो, ज्या बाईनं स्वतः आयुष्यभर लोकांची बोटं सोसली आहेत, तिला ती कधी उचलायची आणि कधी आवरायची हे जास्त चांगलं कळेल.

या हंगामात तुमच्या मुलीचा सामना असेल तर जरूर जा. शिट्टी वाजली की पंचांच्या हाताकडे बघा. आणि फाउल तुमच्या मुलीचा निघाला, तर मान खाली घालू नका. ती पुन्हा आपल्या जागेवर जाऊन उभी राहते की नाही, तेवढं बघा. राहिली, की जोरात टाळी वाजवा!